पाय पेडलवरून काढा
(जळगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, आपल्याकडची एखादी ताई ओपीडीत येऊन सांगते, "धडधड एकदम सुरू व्हस, आन एकदम बंद व्हई जास." अर्धं निदान तिनंच करून टाकलेलं असतं. अचानक सुरू, अचानक बंद, मधल्या वेळात नाडी १८० च्या घरात. अशा वेळी बहुधा हृदयात विजेची एक जादा वाट असते. मांडीच्या शिरेतून कॅथेटर, म्हणजे एक बारीक लवचिक नळी, आत न्यायचा, ती वाट हुडकायची आणि टोकाशी उष्णता देऊन बंद करायची, याला ॲब्लेशन म्हणतात. या साध्या प्रकारात शंभरातले पंचाण्णवांहून जास्त रुग्ण बरे होतात.

छाती उघडायची नाही, मग आतलं दिसणार कसं? एक्स-रेनं. रोंटगेननं हे किरण १८९५ साली शोधले आणि एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली १९०४ मध्ये त्यांच्याच माऱ्यानं गेला, म्हणजे धोका कळायला फार काळ लागला नव्हता. रुग्णाला हा मारा बहुधा एकदाच बसतो आणि त्यातून कॅन्सरचा धोका अगदी थोडा वाढतो. त्यापायी उपचार टाळू नका. हे काम जिथं चालतं त्या लॅबमधल्या लोकांचं तसं नाही. रुग्णाच्या अंगावर आपटून विखुरलेले किरण त्यांना रोज झेलावे लागतात. त्यासाठी पाच-सात किलोचा शिशाचा ॲप्रन घालून तासन्‌तास उभं राहायचं; पाठ जाते ती वेगळीच.

किरण सुरू होतात ते डॉक्टरच्या पायाखालच्या पेडलनं. नजर ईसीजीच्या रेघांवर असते आणि पाय मात्र विसरून तसाच दाबलेला. पाय काढला तरी मशीन शेवटचं चित्र पडद्यावर धरून ठेवतं, बऱ्याचदा तेवढं पुरतं. तुम्ही ठिबकवाले लोक, तुम्हाला लगेच पटेल: पाटानं पाणी सोडायचं की मुळाशी थेंब थेंब? सेकंदाला पंधराऐवजी चारच्या आसपास चित्रं घेतली, तरी कॅथेटर कुठे आहे ते कळतं. किरणांच्या झोताच्या कडा आत ओढून हवा तेवढाच भाग उघडा ठेवायचा. टेबल वर, किरण टिपणारा डिटेक्टर छातीच्या अगदी जवळ. आणि एक पाऊल मागे सरायचं, कारण अंतर दुप्पट झालं की मारा चौथाईवर येतो. यातल्या कशालाच नवीन मशीन लागत नाही.

नवं तंत्र आहे, आणि उत्तम आहे. टेबलाखालच्या चुंबकांच्या किंवा छातीवर चिकटवलेल्या पॅचच्या मदतीनं कॉम्प्युटर कॅथेटरची जागा ओळखतो आणि हृदयाचा त्रिमितीय नकाशा काढतो. जोडीला हृदयाच्या आतूनच सोनोग्राफी केली, तर काही केसेस एक्स-रेशिवाय पार पडतात. लहान मुलं आणि गरोदर बाया यांच्यासाठी मी त्याचाच आग्रह धरीन. पण बिल चांगलंच वाढतं. कपाशीच्या एका हंगामावर घर चालवणाऱ्या प्रौढ माणसाची साधी केस असेल, तर पेडलची शिस्त पाळणारा डॉक्टर जुन्या पद्धतीनंही फार थोड्या किरणांत काम उरकतो. आधी डॉक्टरची सवय विचारा, मशीनचं नाव मागाहून.

आणखी एक, हे तालुक्याच्या डॉक्टरांसाठी. चोपडा, शिरपूर, शहादा, कुठंही असा, रुग्ण धडधड सुरू असताना सापडला की ती थांबवायच्या इंजेक्शनआधी ईसीजी काढा; तब्येत फारच ढासळली असेल तर गोष्ट वेगळी. जादा वाट कोणत्या जातीची याचा अंदाज त्या कागदावरून आधीच आला, की लॅबमधली शोधाशोध कमी होते. शोधाशोध कमी म्हणजे किरणही कमी. रुग्णांनी तो कागद जपावा. थर्मल कागदावरची रेघ हळूहळू पुसट होते, म्हणून झेरॉक्स काढा, मोबाईलमध्ये फोटो ठेवा. लॅमिनेशन तेवढं करू नका. उष्णतेनं अख्खा कागद काळा पडतो.