एसीचा गॅस जातो कुठे?

नमस्कार श्रोतेहो. उन्हाळा लागला, की गाडीवाल्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास येतं: "एसीचा गॅस संपलाय, भरून घ्यायला हवा." जणू गॅस म्हणजे पेट्रोलच! तो जळत नाही, खर्च होत नाही. बंद नळ्यांमधून नुसता फिरत असतो. कमी झाला याचा अर्थ कुठूनतरी निसटला, आणि पुष्कळदा ती वाट असते एखाद्या रबरी सीलशेजारची.

गॅस दाबून पुढे ढकलणाऱ्या कॉम्प्रेसरचंच बघा. पट्ट्यावर फिरणारा त्याचा दांडा आतून बाहेर येतो, आणि त्या तोंडाशी गॅस अडवायला असते सीलची एक पातळ कड. तिला ओलं ठेवतं ते गॅसबरोबर फिरणारं तेल. एसी चार महिने बंद ठेवला, की तेल खाली बसतं, कड सुकते, आणि गॅस हळूहळू निसटतो. म्हणजे एसी जपून ठेवणारेच तो बिघडवतात! थंडीतसुद्धा आठवड्या-पंधरवड्यातून दहा मिनिटं एसी चालवा, तोही दुपारी, कारण फार गारठ्यात कॉम्प्रेसर चालूच होत नाही. विजेवरच्या गाड्यांत मोटर कॉम्प्रेसरच्या पोटातच असते, दांडा बाहेर येत नाही. त्यांची ही कटकट वाचली. नळ्यांच्या सांध्यांमधल्या ओ-रिंगा, म्हणजे गोल रबरी कड्या, मात्र तिथेही आहेतच.

सांध्यावर तेलकट डाग आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली, तर संशय त्या ओ-रिंगेवर घ्या. पण सांधा घरी उघडू नका. आत दाब असतो, आणि उसळलेल्या गॅसने कातडी गोठते. मेकॅनिकला एवढंच सांगा, की रिंग नवी घाल आणि बसवण्याआधी कॉम्प्रेसरच्या तेलात बुडव. कोरडी रिंग बसवताना पिळवटते, कापली जाते.

आता इंजिनकडे. वॉटर पंपाच्या सीलमध्ये दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर घासत फिरतात, मध्ये कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, पापुद्रा धरून. पंपाच्या अंगाला एक बारीक भोक असतं. सील थकलं, की थेंब तिथून बाहेर येतात. माझ्या गाडीत त्या भोकाखाली गुलाबी खपली धरली होती. कसलातरी डाग असेल म्हणून मी कित्येक महिने तिच्याकडे काणाडोळा केला, आणि एका चढावर तापमानाचा काटा लालमध्ये गेला. खपली म्हणजे वाळलेलं कूलंट, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

नुसतं नळाचं पाणी भरायची सवयही वाईट. त्याने गंज आणि क्षार धरतात, आणि ते कण चकत्यांना पॉलिश पेपरसारखे खातात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, हे बहुतेक गाड्यांना चालतं. नेमकं प्रमाण पुस्तिकेत पाहा.

रेडिएटरच्या झाकणातलं रबरही तपासा, पण इंजिन पूर्ण थंड असताना. ते झाकण साधारण 1 बार दाब धरून ठेवतं, म्हणून कूलंट 120 अंशांच्या आसपास तापलं तरी उकळत नाही. रबराला चिरा गेल्या, की ते आधीच उकळायला लागतं. होज, म्हणजे कूलंटची रबरी नळी, बसवताना साधं ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगतं. कूलंटचं बोट फिरवलं तरी पुरतं.

गळती बंद करायला कूलंटमध्ये टाकतात त्या पावडरीबद्दल माझं मत चांगलं नाही. भोकापेक्षा आधी ती हीटरच्या, म्हणजे गरम कूलंटवर गाडीतली हवा तापवणाऱ्या भागाच्या, बारीक नळ्या बुजवते.

डॅशबोर्डामागचा हा हीटर गळू लागला, की पायाखालची मॅट भिजते. ती एसीच्या पाण्यानेही भिजते. म्हणून ओल बोटाला लावून चोळा. नुसतं पाणी असेल, तर एसीची निचऱ्याची नळी तुंबलेली. बुळबुळीत आणि गोडसर वासाची असेल, वर काचेला आतून तेलकट धुकं धरत असेल, तर ते कूलंट. त्याची चव मात्र चुकूनही घेऊ नका, ते विषारी असतं. आणि जमिनीवर सांडलं असेल, तर लगेच भरपूर पाण्याने धुऊन काढा. कुत्री-मांजरं ते गोड म्हणून चाटतात.