फुलावर आलेली कोथिंबीर उपटू नका

श्रोते हो, नमस्कार.

कोथिंबीर फुलावर आली की बहुतेक जण हळहळतात. खालची रुंद, कातरलेली पानं कमी होतात, वर शेपूसारखी बारीक पानं फुटतात, मधला दांडा सरसर वर जातो आणि आपण म्हणतो, गेली कोथिंबीर! मग झाड उपटायचं आणि कुंडी मोकळी करायची. मला आज बोलायचं आहे ते नेमकं इथून पुढच्या दिवसांबद्दल. पानांचा हंगाम संपला हे खरं, पण धण्यांचा आता कुठे सुरू होतोय.

जवळ धण्यांची बरणी असेल तर एक दाणा हातावर घ्या. आपण त्याला सरसकट बी म्हणतो, पण ते अख्खं फळ आहे. देठापासून टोकापर्यंत बारीक रेघा दिसतील. आठ रेघा सरळ आणि ठळक असतात. त्यांच्या जोडीला दहा नागमोडी असतात, त्या मात्र इतक्या पुसट की भिंगाशिवाय नीट दिसायच्या नाहीत. आता दाणा नखाखाली दाबा. टचकन दोन अर्धुकं होतील, आणि मध्ये चक्क पोकळी. प्रत्येक अर्धुकात एकेक बी आणि त्याच्या आतल्या अंगाला दोन बारीक तेलनलिका. धण्यांचा म्हणून जो वास आपण ओळखतो, तो या नलिकांमधल्या तेलाचा. त्यात निम्म्याहून अधिक भाग लिनालूल नावाच्या द्रव्याचा असतो. लव्हेंडरच्या फुलांच्या वासातही हेच द्रव्य असतं.

पानांचा वास मात्र अगदी निराळा. तो येतो आल्डिहाइड गटातल्या द्रव्यांमुळे. कोवळ्या हिरव्या फळातही हीच द्रव्यं भरपूर असतात, आणि ती साठतात फळाच्या बाहेरच्या नलिकांमध्ये. फळ पिकून वाळायला लागलं की या बाहेरच्या नलिका चपट्या होऊन मिटतात, आल्डिहाइडं निघून जातात आणि आतल्या नलिकांमधलं लिनालूल वरचढ ठरतं. हिरवा, उग्र, काहींना ढेकणासारखा वाटणारा वास काही दिवसांत जातो आणि त्या जागी लिंबाच्या सालीकडे झुकणारा गोडसर वास येतो. हे एवढं ध्यानात ठेवा, कारण धणे कधी काढायचे हे ठरवताना याचाच उपयोग होणार आहे.

काही माणसांना कोथिंबीर अजिबात सोसत नाही, साबण खाल्ल्यासारखी लागते. ते नखरे करतात असं समजू नका. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय पाहणीत या आवडनिवडीचा धागा वास ओळखणाऱ्या जनुकांच्या एका गटापर्यंत पोचला, आणि त्यातही ओआर-६-ए-२ या जनुकावर बोट ठेवलं गेलं. आल्डिहाइडं हुंगण्याचं काम याच्याकडे असतं. सगळा दोष जनुकांचा नव्हे, सवयीचाही भाग मोठा आहे. पण गंमत अशी की पान तोंडात न धरणारी हीच माणसं धणे मात्र बिनतक्रार खातात. आत्ताच सांगितलेली वासाची गोष्ट आठवली तर कारण लक्षात येईल.

आता थोडा इतिहास. थोडाच म्हणतोय, कारण धण्यांच्या इतिहासात मिरी किंवा लवंगेसारख्या लढाया नाहीत, बुडालेली जहाजं नाहीत. ज्याला लागतील त्यानं आपल्या परसात पेरावेत, इतकं हे पीक सोपं. त्यामुळे त्याच्यावर कुणाची मक्तेदारी अशी झालीच नाही. पण जुनेपणात धणे कुणाला हार जाणार नाहीत. मृत समुद्राजवळच्या नाहल हेमार नावाच्या गुहेत धण्यांची सुकलेली अर्धुकं मिळाली, तीही माणूस मातीची भांडी भाजायला शिकण्याआधीच्या काळातल्या थरात. इजिप्तचा राजा तुतनखामेन याची कबर १९२२ साली हॉवर्ड कार्टरनं शोधून काढली. त्या सोन्यानाण्यात सुमारे अर्धा लिटर धणेही होते! राजाला परलोकात काय काय लागेल याचा विचार करताना कुणाला तरी धणे आठवले. इजिप्तमध्ये ही वनस्पती रानात आपोआप उगवत नाही, म्हणून तिथे तेव्हाच तिची लागवड होत असावी असं अभ्यासक मानतात.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो ग्रीसमधल्या पायलॉसचा पुरावा. इसवी सन पूर्व १२०० च्या सुमाराला तिथल्या राजवाड्यातले कारकून कच्च्या मातीच्या पाट्यांवर कोठाराचा हिशेब लिहीत. राजवाडा आगीत भस्मसात झाला, आणि त्याच आगीत या पाट्या भाजून निघाल्या म्हणून आपल्यापर्यंत पोचल्या. १९५२ साली मायकेल व्हेंट्रिसनं त्यांची लिपी उलगडली. त्यातल्या एका पाटीवर सुगंधी तेल बनवणाऱ्या कारागिराला दिलेल्या मालाची नोंद आहे: धणे, नागरमोथ्याच्या जातीच्या एका वनस्पतीचा माल, द्राक्षमद्य, मध, लोकर. धणे थोडेथोडके नाहीत, कित्येक शे लिटर. म्हणजे स्वयंपाकाइतकाच धण्यांचा मान अत्तराच्या भट्टीतही होता.

पुढचा प्रवास भराभर सांगतो. पाणिनीच्या सूत्रांत कुस्तुंबुरु, म्हणजे धण्यांचं संस्कृत नाव, आहे. बायबलमध्ये वाळवंटात आकाशातून पडलेल्या मान्ना नावाच्या अन्नाचं वर्णन आहे, ते धण्यासारखं दिसे. रोमन स्वयंपाकात धणेही होते आणि पानंही. फ्रँक राजा शार्लमेनच्या काळात, इसवी सन ८०० च्या आसपास, शाही मळ्यांत काय लावावं याची यादी निघाली, तीतही धणे होते. आणि इटलीतल्या कार्निव्हलमध्ये साखरेचा पाक चढवलेले धणे एकमेकांवर उधळण्याची चाल होती. खाण्याची वस्तू उधळणं परवडेना तेव्हा त्या जागी खडूमातीच्या गोळ्या आल्या आणि शेवटी कागदाचे रंगीत कपटे. आज समारंभात डोक्यावर कागदाचा पाऊस पडतो, त्याचे पूर्वज हे धणे.

धण्यांचा उपयोग सांगायचा तर एक गुण आधी सांगायला हवा. हा मसाला कुणावर कुरघोडी करत नाही. लवंग एक जास्त पडली तरी पदार्थ तिचा होऊन बसतो. धणे मात्र मूठभर घातले तरी बाकीच्यांना सांभाळून घेतात, शिवाय दळलेले धणे रस्सा दाट करतात. म्हणून मिश्र मसाल्यांत वजनानं सगळ्यात जास्त तेच असतात. रशियातल्या बोरोदिन्स्की नावाच्या, राय या धान्याच्या काळ्या पावावर अख्खे धणे पेरलेले असतात. दक्षिण आफ्रिकेत मांस वाळवताना धणे चोळतात. बेल्जियमच्या गव्हाच्या बिअरमध्ये ते संत्र्याच्या सालीबरोबर पडतात, आणि जिन या दारूत जुनिपरच्या फळांनंतरचा मान बहुधा धण्यांचाच. औषधी गुणांबद्दल एवढंच म्हणेन, की पोटातला वारा सरायला धणे वापरायची रीत फार जुनी आहे आणि तेवढ्यापुरती ती ठीक आहे. मधुमेहापासून थायरॉइडपर्यंत सगळं धण्याच्या पाण्यानं बरं होतं, असं सांगणारे फार झालेत. त्यांच्या भरवशावर चालू गोळ्या बंद करू नका.

आता मुख्य काम, घरचे धणे. हे झाड वर्षायू, थंड हवेतलं. हिवाळा सौम्य असेल तर हिवाळ्याच्या तोंडाशी पेरा, कडाक्याचा असेल तर बर्फ संपल्यावर. धणे पोळपाटावर लाटण्यानं हलके रगडून दोन अर्धुकं सुटी करा. चुरा होऊ देऊ नका. रात्रभर भिजवून सेंटिमीटरभर खोल पेरा. उगवायला आठवडा ते तीन आठवडे लागतात, तेव्हा चौथ्या दिवशी माती उकरून पाहू नका. याचं मूळ सोटमूळ असतं, त्यामुळे रोप उपटून दुसरीकडे लावलेलं त्याला मानवत नाही. कायमच्या जागीच पेरा, कुंडी एक वीतभर तरी खोल असू द्या आणि रोपं वर आली की विरळणी करून दोघांत चार बोटं अंतर ठेवा.

धणे हवे असतील तर पानांचा मोह आवरायला हवा. दोन-चार पानं खुडली तर बिघडत नाही, पण बोडकं केलेलं झाड दाणे भरत नाही. ऊन वाढलं, दिवस मोठा झाला की झाड दांडा काढणारच, आणि या वेळी काढू द्या. मग छत्रीसारखे फुलोरे येतात, पांढरे, कधी फिकट गुलाबी. जवळून पाहाल तर कडेच्या फुलांच्या बाहेरच्या पाकळ्या आतल्यांपेक्षा चांगल्या मोठ्या दिसतील. कीटकांना दुरून दिसावं म्हणून झाडानं केलेली ती सोय. मधमाश्या येतात, फुलमाश्या येतात, आणि फुलमाश्यांच्या अळ्या मावा खातात. म्हणून फुलं असताना कसलीही फवारणी नको.

पहिली पंचाईत ही, की सगळे फुलोरे एकदम पिकत नाहीत. मधल्या दांड्यावरचा आधी, बाजूच्या फांद्यांवरचे मागाहून. सगळे पिकायची वाट पाहिलीत तर पहिले धणे जमिनीवर. घाई केलीत तर हिरवे हाती येतात, वाळून सुरकुततात आणि त्यांना तो उग्र वास राहतो. यावर उपाय म्हणजे नाक. रंग पाहाच, अर्ध्याहून जास्त दाणे हिरव्याचे पिवळट तपकिरी झाले की वेळ जवळ आली. मग एक दाणा चुरडून हुंगा. पानांचा वास आला तर थांबा. लिंबाच्या सालीसारखा आला की दुसऱ्या दिवशी सकाळी कात्री घ्या. सकाळी अशासाठी, की दवानं फुलोरा थोडा ओलसर असतो, दाणे झडत नाहीत. दुपारच्या उन्हात हात लावाल तर निम्मे खाली सांडतील. मोजक्या झाडांचा मामला असेल तर फुलोरे जसे पिकतील तसे एकेक काढावेत. शेतकऱ्याला हे परवडत नाही, आपल्याला परवडतं.

कापलेल्या दांड्यांची सैलसर जुडी बांधा, कागदी पिशवीत डोकं खाली करून घाला, पिशवीला चार भोकं पाडा आणि सावलीत, वारा खेळेल अशा जागी टांगा. प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो आणि बुरशी येते. दोनेक आठवड्यांत दाणे आपोआप पिशवीत गळायला लागतात. उरलेले हातांनी चोळून काढा, सुपात पाखडा, काड्या वेचा. दातांखाली दाणा कुरकुरीत फुटला तर वाळला. दबला तर आणखी दोन-तीन दिवस पसरून ठेवा.

दाण्याला सुईनं टोचल्यासारखं गोल भोक दिसलं तर ती करामत एका बारीक गांधीलमाशीची. ती हिरव्या फळातच अंडी घालते, अळी आतला गर खाते आणि माशी पुढे बरणीतल्या दाण्याला भोक पाडून बाहेर येते. म्हणून वाळलेले धणे हवाबंद डब्यात आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवावेत. डबा बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दाण्यांवर पाणी सुटेल.

आणखी एक सूचना, आणि ही गंभीर आहे. रानात दिसलेल्या अशाच छत्रीदार फुलांच्या झाडाचे दाणे कधीही आणू नका. हेमलॉक हे जहाल विषारी झाड याच कुळातलं आहे. त्याच्या गुळगुळीत दांड्यावर जांभळे ठिपके असतात, पण ओळख पटवत बसण्यापेक्षा स्वतः पेरलेलं तेवढंच काढावं.

एखाददुसऱ्या कुंडीतून वर्षाची बेगमी होणार नाही, ओंजळभर निघाले तरी खूप. ते अख्खेच ठेवा, अंधाऱ्या जागी, घट्ट झाकणाच्या बरणीत. दळले की तेल उडायला लागतं आणि थोड्याच दिवसांत भुसा उरतो. लागतील तेव्हा, लागतील तेवढे मंद आचेवर भाजा, रंग जरासा बदलला की उतरवा, निवले की कुटा. विकत घ्यायची वेळ आली तर मोठा, टपोरा दाणा पाहून भाळू नका. थंड प्रदेशातल्या बारीक दाण्याच्या जातीत तेलाचं प्रमाण मोठ्या दाण्याच्या जातीपेक्षा सहसा कितीतरी जास्त असतं.

पुढच्या पेरणीचे धणे मात्र आधीच वेगळे काढा, आणि कुठल्या झाडाचे हे विचार करून ठरवा. तुम्हाला पानं जास्त हवीत? मग सगळ्यात उशिरा फुललेल्या झाडाचे ठेवा. मसाला हवा असेल तर लवकर फुललेल्या आणि ज्याचे फुलोरे साधारण बरोबरीनं पिकले अशा झाडाचे. दोन्ही हवं असेल तर दोन वेगळी पाकिटं करा, वर नाव आणि साल लिहा, आणि दोन्ही शेजारी शेजारी पेरू नका. एकाच वेळी फुलली तर मधमाश्या त्यांची सरमिसळ करून टाकतात.

नमस्कार.