सवय होईल म्हणतात

(काळी स्क्रीन. उंच पट्टीतली बारीक शिट्टी, 20 सेकंद. खाली म्युझिक नको.)

हा आवाज माझ्या कानात वाजत असतो, बाहेर कुठेच नसताना. याला टिनिटस म्हणतात. माझा साधारण 6000 हर्ट्झचा आहे. ऑडिओलॉजिस्टनी, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्यांनी, काढून दिलाय. साउंडप्रूफ खोलीत बसवून हेडफोन लावतात, एकेक सूर ऐकवतात आणि विचारतात, तुमचा याच्यापेक्षा वर की खाली? सूर जुळला की मग, एवढा मोठा? अजून थोडा? मला वाटत होतं आकडा बघून समोरचा माणूस हादरणार. आकडा आला 8 डेसिबल. म्हणजे त्या सुरात मला जिथून ऐकू यायला लागतं त्याच्या फक्त 8 वर. बहुतेकांचा असाच, 20 च्या आतच निघतो म्हणे. मी बाहेर येऊन गाडीत बसून रडले, कारण वाटलं आता आपल्यावर कोणीच विश्वास ठेवणार नाही.

तर पहिली गोष्ट ही की त्रास किती होतो ते आवाजाच्या आकड्यावरून कळत नाही.

(कानाच्या आतलं ग्राफिक.)

कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो, कॉक्लिया. त्यात जन्मतः साधारण 15,000 हेअर सेल्स, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी असतात आणि मोठ्या आवाजाने, वयाने, काही औषधांनी त्या मेल्या की माणसात परत येत नाहीत. त्या पट्टीतली माहिती मेंदूला मिळेनाशी झाली की मेंदू स्वतःचाच व्हॉल्यूम वाढवतो, असं सध्या मानतात. रेडिओचं स्टेशन नीट लागेना म्हणून आवाज वाढवला की खरखरच मोठी होते, तसंच काहीसं. म्हणूनच ऐकण्याची नस कापलेल्या कितीतरी लोकांचा टिनिटस तसाच राहिला. आवाज कानात वाटतो खरा, पण तो असतो मेंदूत.

1953 मध्ये हेलर आणि बर्गमन या दोघांनी चांगलं ऐकू येणाऱ्या 80 जणांना अगदी शांत खोलीत पाच मिनिटं बसवलं होतं, आणि त्यातल्या 94 टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं, कोणाला गुणगुण, कोणाला शिट्टी. मी हे वाचलं तेव्हा कितीतरी वेळ नुसती बसून राहिले. म्हणजे आवाज जवळजवळ सगळ्यांकडेच आहे, फक्त त्यांचा मेंदू तो पुढे पाठवतच नाही.

मग माझा का पाठवतो?

1990 मध्ये पावेल यास्त्रेबॉफ यांनी याचं एक मॉडेल मांडलं. आवाज ऐकण्याच्या भागापुरता राहिला तर काही होत नाही, पण मेंदूने एकदा त्याला धोका ठरवलं की भीतीचा भाग आणि छातीत धडधड करणारी यंत्रणा दोन्ही जागे होतात आणि मग तो आवाज महत्त्वाचा होऊन बसतो. सवय होते ती आधी या घाबरण्याची, आणि आवाज लक्षात न येणं हे त्यानंतर.

आता ज्यांना टिनिटस आहे त्यातल्या बहुतेकांना सवय होते, हे खरंच आहे. जगात साधारण 14 टक्के मोठ्या माणसांना तो असतो, तीव्र मात्र 2 टक्क्यांना, असा 2022 मधल्या एका आढाव्याचा अंदाज आहे. आम्ही त्या 2 मधले. मेंदूला सवय होते ती एकसारख्या आणि निरुपद्रवी आवाजाची, घड्याळाची टिकटिक किंवा पंखा. माझा आवाज एकसारखा नाहीये. दात दाबले की चढतो, झोप झाली नाही की चढतो, सर्दी झाली की त्याच्या जोडीला रातकिडे येतात. आणि मी सकाळी डोळे उघडायच्या आधी कान तपासते, आज किती आहे? हे तपासणं म्हणजेच मेंदूला रोज सांगणं की लक्ष ठेव, काहीतरी गडबड आहे. "कानाडोळा कर गं" असं लोक प्रेमानेच म्हणतात, पण कानाडोळा करायचा ठरवला की आधी तिकडेच लक्ष जातं.

(रात्र. उशीजवळ छोटा स्पीकर, पावसाचा आवाज.)

पाऊस मी शिट्टीपेक्षा थोडा हळू ठेवते, बुडवायला नाही, सोबतीला. ऐकायला कमी येत असेल तर हिअरिंग एडचा उपयोग होतो. आणि सगळ्यात भक्कम पुरावा सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या थेरपीचा आहे, तिने आवाज कमी होत नाही पण जाच कमी होतो. मला हे दीड वर्षाने कळलं. "यावर काही उपाय नाही" असं सांगून पेशंटला घरी पाठवणं मला आजही चुकीचं वाटतं, त्या वाक्यानेच माझ्या कितीतरी रात्री गेल्या. आणि हो, एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं किंवा आवाज नाडीच्या ठोक्यावर येत असेल तर वाट बघू नका, लगेच ईएनटीकडे जा. जगणं नको वाटायला लागलं असेल तर तेही आजच कोणालातरी सांगा, ते याच आजारात येतं, तुमच्या स्वभावात नाही.

सात महिने बरे गेल्यावर मला एका सर्दीनंतर उजव्या कानातही सुरू झालं. वाटलं सगळं पुन्हा शून्यावर. पण पहिल्या वेळी धडधड पाच महिने टिकली होती, या वेळी तीन आठवडे.

घरातल्यांना एवढंच सांगायचंय, आज आवाज कसा आहे असं विचारू नका. विचारलं की आम्ही ऐकायला लागतो. झोप लागली का, ते विचारा.