खेळाचा तास कोणासाठी?

पालक आणि शिक्षक मित्रहो,

मुलांनी खेळावे की नाही, यावर आता फारसा वाद उरलेला नाही. पाच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले आहे. हाडांची बळकटी बहुतांशी विशीच्या आतच साठवली जाते, आणि दिवसाउजेडी मोकळ्यावर वावरणाऱ्या मुलांना लघुदृष्टीचा चष्मा लागण्याची शक्यता कमी होते. हा लाभ नेमका कोणत्या मुलांच्या पदरात पडतो, याविषयी मला आज बोलायचे आहे, आणि त्यासाठी मी आपला खो-खो समोर ठेवतो.

दोन खांब आणि आखलेले मैदान एवढ्यावर हा खेळ उभा राहतो. नऊ जणांपैकी आठ जण मधल्या पट्टीतील चौरसांत एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की त्याला मध्येच मागे वळता येत नाही आणि मधली पट्टीही ओलांडता येत नाही; पळणाऱ्याला मात्र दोन्हींची मुभा असते. त्यामुळे पळणारा हुलकावणी देऊन पलीकडे गेला, की गडी हाताच्या अंतरावर दिसत असूनही त्याचा नाद सोडायचा, पाठमोऱ्या बसलेल्या सोबत्याला खो द्यायचा आणि आपण त्याच्या जागी बसायचे, हा निर्णय पाठलाग करणाऱ्याला क्षणात घ्यावा लागतो. दहा वर्षांच्या मुलाला हे फार जड जाते. गडी आपणच बाद करावा ही त्याची ओढ असते, आणि ती आवरायला तो उपदेशाने शिकत नाही. चार वेळा गडी निसटल्यावर, सोबत्यांचे चेहरे पाहून शिकतो.

बसलेल्या मुलाकडेही नीट पाहावे. एक पाय पुढे, बोटे मातीला टेकलेली, टाच उचललेली आणि नजर पळणाऱ्याच्या खांद्यावर. खो मिळण्याआधी उठला तर नियमभंग होतो आणि मिळाल्यावर रेंगाळला तर गडी हातचा जातो. वर्गात दहा मिनिटे एका जागी न बसणारे मूल इथे जिवाचा कान करून बसलेले मी अनेकदा पाहिले आहे.

परंतु अनेक शाळांत हा अनुभव संघात निवडलेल्या मोजक्या मुलांनाच मिळतो. तालुकास्तरीय स्पर्धेची तारीख जवळ आली की चपळ मुले मैदानावर जातात, उरलेली कडेला बसून टाळ्या वाजवतात, आणि परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला दिला जातो. दहावीत मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांमुळे काही पालक खेळाकडे वळतात, हे चांगलेच आहे; पण गुण मिळाले की खेळ संपतो. स्थूल, लाजरे किंवा सतत आजारी पडणारे मूल, म्हणजे ज्याला धावण्याची सर्वांत अधिक गरज आहे तेच मूल, या व्यवस्थेत सर्वांत आधी बाजूला पडते. म्हणून निदान चौथीपर्यंत निवड चाचणी नसावी आणि प्रत्येक मुलाला पाठलाग, पळती व बसणे या तिन्ही भूमिका आलटून पालटून मिळाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलींबाबत अधिक तळमळीने सांगावेसे वाटते. धाराशिवच्या खो-खोपटू सारिका काळे यांना २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला खो-खोचा पहिला विश्वचषक भारतीय महिलांनी प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली जिंकला. तरीही सातवी-आठवीत आल्यावर अनेक मुली मैदान सोडतात. पाळी सुरू झालेली असते, मैदानाजवळ स्वच्छतागृह नसते, कपडे बदलायला आडोसा नसतो, सराव संपेपर्यंत अंधार पडतो आणि घरी पोहोचवायला कोणी नसते. यांतील एकही अडचण त्या मुलीच्या क्षमतेची नाही, आणि प्रत्येक अडचण शाळा व पालक मिळून दूर करू शकतात. येत्या पालक सभेत गुणपत्रिकेवर बोलून झाल्यावर आपण मुख्याध्यापकांना एवढे विचारावे: आठवीतील किती मुली आजही मैदानावर येतात, आणि ज्या येत नाहीत त्यांना कारण कोणी विचारले आहे का?