अक्रोडातला ग्रीक

(दृश्य : व्हिल्नियस, हालेस मार्केट, सकाळची वेळ. सुकामेव्याचा गाळा.)

हे लिथुएनियाच्या राजधानीचं, व्हिल्नियसचं जुनं मार्केट, हालेस, शंभर वर्षांच्या वरचं. बाहेर थंडी मी म्हणतेय आणि आत आलं की मध, वाळवलेले मशरूम, धुरावलेला मासा, राईचा काळा ब्रेड असा सगळा मिळून एकच वास येतो. आता त्या कोपऱ्यातल्या गोणीकडे बघा, अक्रोड आहेत, आणि वर पाटी काय तर 'ग्राइकिनियाई रिएशुताई', म्हणजे सरळ सरळ ग्रीक नट्स. लिथुएनियन भाषेत अक्रोडाला दुसरा रोजचा शब्दच नाहीये. शेजारच्या पोत्यात बकव्हीट, आपण ज्याला कुट्टू म्हणतो ते, त्याचं नाव 'ग्रिकियाई', आणि तो शब्द स्लाव्हिक भाषांमधून आलाय, तिथेही मुळात अर्थ ग्रीकांकडून आलेलं धान्य असाच. म्हणजे इथल्या पोराला ग्रीस नकाशावर दाखवता यायच्या आधीच ग्रीक हा शब्द त्याच्या तोंडात असतो, दाताखाली फुटणारा.

अथेन्स इथून सरळ रेषेत साधारण १,८५० किलोमीटर, नकाशावर जवळपास नाकासमोर खाली, दोन्हीकडे घड्याळात वेळ एकच. फरक उजेडाचा. डिसेंबरच्या शेवटी व्हिल्नियसला दिवस जेमतेम सव्वासात तासांचा असतो आणि अथेन्सला साडेनऊ. लिथुएनियाची तरुण पोरं ग्रीकांकडे कशी बघतात, ती गोष्ट मला सांगायचीय, आणि मला विचाराल तर या दोन तासांच्या उन्हातूनच ती निम्मी सुरू होते.

(दृश्य : व्हिल्नियस विद्यापीठाचं जुनं आवार.)

विद्यापीठ १५७९ चं. इथे प्राचीन ग्रीक आणि लॅटिन आजही शिकवतात. व्हिल्नियसला एकेकाळी उत्तरेचं अथेन्स म्हणायचे आणि या नावाचं एक सांस्कृतिक वर्तमानपत्रसुद्धा आहे, 'शियाउरेस अतेनाई', १९९० पासून निघतंय. त्यामुळे तरुण मुलांच्या डोक्यातला पहिला ग्रीक हा संगमरवरी आहे, सॉक्रेटिस, होमर, ऑलिम्पिक, लोकशाही, सगळं भारदस्त. आणि दुसरा ग्रीक भेटतो उन्हाळ्यात, क्रीटला किंवा ऱ्होड्सला जाणाऱ्या चार्टर फ्लाइटच्या दुसऱ्या टोकाला. हा दुसरा मोठ्याने बोलतो, हातवारे करतो, दुपारी दुकान बंद ठेवतो, रात्री दहाला जेवतो, अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात टाकतो, आणि काही मागितलं की 'सिगा सिगा', हळूहळू होईल, घाई काय आहे. या दोघांच्या मधली जवळजवळ दोन हजार वर्षं बहुतेकांच्या डोक्यात रिकामीच असतात, आणि मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते याचंच. कारण त्या रिकाम्या जागेतच या दोन देशांचं नातं सापडतं. १९४१ च्या जूनमध्ये सोव्हिएत सत्तेने लिथुएनियातून हजारो कुटुंबं गुरांच्या डब्यात भरून सायबेरियाला पाठवली, त्यात अगदी लहान लेकरं होती, आणि त्याच वर्षीच्या हिवाळ्यात नाझींच्या ताब्यातल्या अथेन्समध्ये माणसं रस्त्यावर उपासमारीने मरत होती. पुढे युद्ध संपलं तरी लिथुएनियाच्या जंगलात लोक सोव्हिएत सैन्याशी १९५३ पर्यंत लढले आणि ग्रीसमध्ये १९४६ ते १९४९ घरातलंच युद्ध पेटलं. सायबेरियाची गोष्ट इथल्या प्रत्येक घरात आहे, आजी-पणजीच्या तोंडून ऐकलेली. अथेन्सच्या त्या हिवाळ्याची गोष्ट बीचवर कोण सांगणार?

(दृश्य : ट्रॉलीबस. खिडकीशी बसलेली मुलं, कानात इअरफोन, कोणी कोणाशी बोलत नाही.)

आता आरसा फिरवू. तुम्ही स्वतः कसे आहात असं इथल्या तरुणांना विचारलं की दोन शब्द हमखास येतात. एक 'दार्बश्तुस', कष्टाळू, आणि दुसरा 'सांतूरुस', म्हणजे मोजून बोलणारा, आतल्या आत ठेवणारा. त्यानंतर आवाज जरा खाली येतो आणि मग येतं की आम्ही जळके आहोत, कुरकुरे आहोत, अनोळखी माणसाकडे बघून हसत नाही. शेजाऱ्याचं घर जळालं, गोष्ट किरकोळ पण बरं वाटलं, असा एक जोक ते स्वतःबद्दलच सांगतात. आणि देशाच्या आतही हे चालूच, जेमतेम २९ लाखांचा देश पण झेमाइतियाचा माणूस म्हणजे हट्टी, सुवाल्कियाचा म्हणजे कंजूस, झूकियाचा म्हणजे गरीब पण दिलदार, गाणारा, जंगलात मशरूम वेचणारा. म्हणजे उत्तर-दक्षिण हा खेळ ते ग्रीकांशी खेळायच्या कितीतरी आधी घरातच खेळून बसलेत.

मानसशास्त्रज्ञ सुसान फिस्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक साधी पण फार उपयोगी गोष्ट मांडली होती, की आपण कुठलाही परका समाज दोनच मापांनी मोजतो, तो मायाळू आहे का आणि तो कामाचा आहे का. इथल्या पोरांच्या लेखी ग्रीकाला पहिल्या मापात पैकीच्या पैकी आणि दुसऱ्यात नापास, स्वतःला बरोब्बर उलटं. जे आपल्यात कमी आहे असं वाटतं ते भरभरून त्याच्या पदरात टाकायचं, मोकळेपणा, घरच्यांची ऊब, हसणं, आणि ज्याचा आपल्याला अभिमान आहे ते त्याच्याकडून काढून घ्यायचं. म्हणून मला वाटतं की लिथुएनियन पोरं ग्रीकांबद्दल जे बोलतात ते अर्ध्याहून जास्त स्वतःबद्दलच बोललेलं असतं.

आणि 'आळशी ग्रीक' हा शिक्का कुठे पक्का झाला हे समजून घ्यायचं तर २००९ कडे जावंच लागतं.

(दृश्य : संसदेसमोरचा चौक, सेइमास. बर्फ.)

२००९ मध्ये लिथुएनियाची अर्थव्यवस्था एका वर्षात जवळपास १५ टक्क्यांनी आकसली. सरकारी पगार कापले, पेन्शन कापली, जानेवारीत इथेच या संसदेवर दगडफेक झाली, पोलिसांनी रबरी गोळ्या आणि अश्रुधूर वापरला. शेजारच्या लाटव्हियाने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घेतलं, लिथुएनियाने घेतलं नाही, पोटाला चिमटा घेऊन निभावलं. २०१० या एका वर्षात ८० हजारांहून जास्त लोकांनी देश सोडत असल्याची नोंद केली, इंग्लंड, आयर्लंड, नॉर्वे. आज जी मुलं विशी-पंचविशीत आहेत ती तेव्हा लहान होती, आणि कित्येकांच्या लहानपणात आई फोनवर, स्काइपवर आहे आणि घरात आजी.

मग २०१५ उजाडलं. १ जानेवारीला लिथुएनियाने युरो घेतला आणि सहा महिन्यांत कर्जात बुडालेल्या ग्रीसला वाचवायच्या तिसऱ्या कर्जाची वेळ आली, ज्याच्या जामिनात आता लिथुएनियाचाही वाटा होता. त्या वर्षी लिथुएनियातलं किमान वेतन होतं महिना ३०० युरो, जुलैपासून ३२५. ग्रीसमधलं, कापून कापून खाली आणल्यावरही, ५८६, आणि ते वर्षाला १४ वेळा मिळतं. आता तुम्हीच सांगा, जिच्या आजीची पेन्शन कापली गेली त्या पोरीला हे आकडे दाखवले तर ती काय म्हणेल. तिला राग आला तर मी तिला नावं ठेवू शकत नाही. वर एप्रिलमध्ये ग्रीसचे तेव्हाचे पंतप्रधान त्सिप्रास मॉस्कोला पुतिनना भेटून आलेले, रशियाने युक्रेनकडून क्रिमिया घेऊन जेमतेम वर्ष झालेलं, आणि रशिया हा विषय इथे बातम्यांमधला नसतो, तो घरातला असतो. जुलैत लिथुएनियाच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष दालिया ग्रिबाउस्काइते ब्रसेल्सला म्हणाल्या की ग्रीक सरकारचं दर वेळी 'मन्याना' असतं, उद्या, उद्या. ते वाक्य जगभर गाजलं. आता 'मन्याना' हा शब्द स्पॅनिश आहे. ग्रीकांबद्दल बोलताना स्पॅनिश शब्द पुढे आला यातच कळतं की ते चित्र एका देशाचं नव्हतंच, एका अख्ख्या दिशेचं होतं, ऊन, समुद्र, आळस, सगळं एकाच पोत्यात.

त्याच दिवसांत ग्रीसमध्ये बँका बंद होत्या, एटीएममधून दिवसाला फक्त ६० युरो मिळायचे, म्हातारी माणसं सकाळपासून बँकेच्या पायरीवर बसून असायची. देशाची एक चतुर्थांश अर्थव्यवस्था गेलेली. २०१३ मध्ये काम शोधणाऱ्या तरुणांपैकी निम्म्याहून जास्त बेकार, आणि तिथूनही पोरं बॅगा भरून जर्मनीला, इंग्लंडला निघालेली. लंडनमधल्या एखाद्या हॉटेलच्या किचनमध्ये लिथुएनियातल्या कौनासचा मुलगा आणि ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीची मुलगी शेजारी शेजारी भांडी घासत असतील, तर ती दोघं एकाच कारणाने तिथे आलेली होती.

आणि आळसाचं म्हणाल तर युरोपियन युनियनच्या आकडेवारी खात्याचे, युरोस्टॅटचे आकडे बघा. २०२३ मध्ये युरोपियन युनियनमध्ये आठवड्याला सगळ्यात जास्त तास काम करणारा देश ग्रीस, ३९.८ तास, सरासरी ३६.१. २०१२ मध्ये जनमत चाचण्या घेणाऱ्या प्यू या अमेरिकन संस्थेने आठ युरोपीय देशांत विचारलं होतं की सगळ्यात कष्टाळू कोण, तर बाकीच्यांचं उत्तर जर्मन आणि ग्रीकांचं उत्तर ग्रीक. लोक त्याला हसले होते. तासांच्या हिशोबाने ग्रीक काही चूक बोलले नव्हते.

स्टीरिओटाइप हा शब्दही ग्रीकच बरं का, 'स्टेरेओस' म्हणजे घट्ट आणि 'टिपोस' म्हणजे ठसा. छापखान्यातला शब्द आहे, एकदा पान धातूत ओतलं की तेच पान पुन्हा पुन्हा छापायचं, अक्षरं जुळवायची कटकट नाही. लोकांबद्दलच्या ठशांसाठी तो रूढ केला अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ मध्ये.

(दृश्य : रात्र. व्हिल्नियसचे कॅफे, गर्दी, गुलाबी सूपचे बोल.)

पण पान बदललंय. २०२५ मध्ये लिथुएनियातलं किमान वेतन १,०३८ युरो आणि ग्रीसमधलं एप्रिलपासून ८८०, चौदाने गुणून बारांनी भागलं तरी लिथुएनिया पुढे. दहा वर्षांत! २०२४ च्या जागतिक आनंद अहवालात तर तिशीच्या आतल्या लोकांमध्ये लिथुएनिया जगात पहिला आला. ज्या देशात आत्महत्यांचं प्रमाण कित्येक वर्षं युरोपियन युनियनमध्ये सगळ्यात जास्त होतं, जिथली मुलं स्वतःला उदास, कुरकुरी म्हणवतात, तिथे. स्वतःबद्दलचा ठसासुद्धा जुन्या पानावरूनच छापला जातो, हे मला त्या एका नंबरवरून फार जाणवलं.

आता एक गोष्ट खास आपल्यासाठी, मराठी कानांसाठी. लिथुएनियन लोकांना त्यांच्या भाषेचा जुनेपणा फार प्रिय आहे, संस्कृतशी नातं ते आवर्जून सांगतात, अग्नीला 'उग्निस', मुलाला 'सूनुस'. त्यांची एक म्हण आहे, 'द्येवास दावे दांतिस, दुओस इर दुओनोस', देवाने दात दिले, भाकरीही देईल. देव, दंत, आणि भाकरीचा 'दुओना' आपल्या धान्याच्या नात्यातला. आपण म्हणतो, चोच दिली तो चारा देईल. ऐकलं की वाटतं ही म्हण कष्टाळू, मोजून बोलणाऱ्या माणसांची कशी? इतकं निवांत तर 'सिगा सिगा' म्हणणारा ग्रीक बोलेल.

(दृश्य : जुनं टीव्ही फुटेज. बास्केटबॉल.)

शेवटचं फुटेज १९९५ चं. बास्केटबॉलला इथे दुसरा धर्म म्हणतात. २ जुलै, अथेन्स, युरोबास्केटची फायनल, लिथुएनिया विरुद्ध युगोस्लाव्हिया. लिथुएनियाकडून साबोनिस आहे, मार्चुलिओनिस आहे, समोर युगोस्लाव्हियाचा जॉर्जेविच एकटाच ४१ पॉइंट करतोय. शेवटची काही मिनिटं उरलेली असताना रेफरीच्या निर्णयांवरून लिथुएनियाची टीम चिडून खेळायचंच थांबते, नंतर समजूत निघून परत खेळते, आणि ९६-९० हरते. हॉलमध्ये ग्रीक प्रेक्षक, त्यांची स्वतःची टीम सेमीफायनलमध्ये याच युगोस्लाव्हियाकडून हरलेली. बक्षीस समारंभ सुरू होतो, आणि तो अख्खा हॉल, मोठ्याने बोलणारी, हातवारे करणारी ती सगळी माणसं एका सुरात ओरडायला लागतात, लिथुएनिया चॅम्पियन, लिथुएनिया चॅम्पियन. आजची पंचविशीतली पोरं तेव्हा जन्मलीही नव्हती, त्यांनी हे यूट्यूबवरच बघितलेलं. कॅमेरा खेळाडूंच्या चेहऱ्यांवरून फिरतो, गळ्यात चांदीची मेडल, मान खाली. मोजून बोलणारी माणसं ती. आवाज वाढत जातो तशी एकेकाची मान वर येते.