डिसोझा शोधताना

(दृश्य: पडद्यावर शोधाची चौकट, लुकलुकणारा कर्सर)

एका वाचनालयाचं हे संकेतस्थळ. नाव सांगत नाही, दुरुस्ती अजून चालू आहे. चौकटीत लेखकाचं नाव लिहायचं, पुस्तकांची यादी येते. वर्षानुवर्षं विनातक्रार चाललं.

मग कुणीतरी रोमन लिपीत डिसोझा शोधलं. डी, त्यानंतर वरचा स्वल्पविराम, मग सोझा.

(दृश्य: पांढरं पान, मायएसक्यूएल या डेटाबेसचा एरर)

देवनागरीत डिसोझा लिहायला ते चिन्ह लागतच नाही. म्हणून मराठी नावं शोधणाऱ्यांना हे पान कधी दिसलंच नाही.

डेटाबेसला, म्हणजे नोंदी ठेवणाऱ्या यंत्रणेला, जी क्वेरी, म्हणजे विचारणा, जाते, तिच्यात नाव कुठं संपलं ते हेच चिन्ह सांगतं. त्याला वाटलं, नाव ‘डी’वरच संपलं, उरलेलं ‘सोझा’ त्यानं हुकूम समजून वाचायला घेतलं. एसक्यूएल ही अशा क्वेरींची भाषा; एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात ते हेच. डिसेंबर १९९८मध्ये ‘फ्रॅक’ या हॅकरांच्या नियतकालिकात जेफ फॉरिस्टल यांनी टोपणनावानं त्यावर लिहिलं होतं. इतकी जुनी गोष्ट!

(दृश्य: कीबोर्डवर बोटं)

तपासणी संकेतस्थळाच्या प्रतीवर चालली आहे, चालू संकेतस्थळावर नाही. भलत्या क्वेरीत भलती अट घुसली, तर एका सभासदाऐवजी सगळ्यांचीच नोंद बदलू शकते. आणि संकेतस्थळ आपलंच हवं. परवानगीशिवाय दुसऱ्याचं तपासायला गेलात, तर माहिती तंत्रज्ञान कायदा आडवा येतो.

पुस्तकाच्या लिंकमध्ये क्रमांक आहे ७. तिथं आठ वजा एक लिहिलं. पुस्तक तेच आलं. म्हणजे वजाबाकी डेटाबेसनं केली!

आता त्याला पाच सेकंद झोपायला सांगू.

(दृश्य: स्टॉपवॉच. निवेदन थांबतं. पाच सेकंदांनी पान उघडतं.)

पानावर एररचं अक्षरही नाही, तरी उत्तर मिळालं: डेटाबेसनं बाहेरून आलेला हुकूम पाळला. एसक्यूएलमॅपसारखी साधनं असे प्रयोग आपणहून करतात. पण पान साधनाला दाखवावं लागतं, आणि घोडं तिथंच अडतं.

(दृश्य: सर्व्हरवरच्या फायलींची यादी, हळूहळू सरकणारी)

हे पाहा. जुन्या निबंध स्पर्धेच्या नोंदणीचं पान. मेनूत नाही, कुणाला आठवतही नाही, पण उघडतंय.

ब्रिटनच्या टॉकटॉक या दूरसंचार कंपनीचं असंच झालं. २००९मध्ये तिनं टिस्काली या इंटरनेट कंपनीचा तिथला व्यवसाय घेतला, त्याबरोबर काही जुनी पानं आली. ती चालू आहेत हे कंपनीला ठाऊकच नव्हतं. मागच्या डेटाबेसमध्ये एक दोष होता, त्याची दुरुस्ती साडेतीन वर्षांपासून उपलब्ध होती. २०१५मध्ये आधी दोनदा हल्ले झाले, तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. ऑक्टोबरात १,५६,९५९ ग्राहकांची माहिती गेली. पुढं चार लाख पौंड दंड झाला.

वाचनालयाच्या त्या पानामागं स्पर्धकांचे फोन नंबर होते. पान बंद केलं.

(दृश्य: कोड. एक ओळ खोडली जाते, दुसरी लिहिली जाते)

आधी क्वेरी आणि नाव एकाच ओळीत जोडलं जात होतं. आता क्वेरी आधी ठरते, नावाची जागा प्रश्नचिन्हानं राखलेली असते, आणि नाव मागून वेगळं येतं. त्यात काहीही असो, ते नावच राहतं. अशा जोडलेल्या ओळी शोधायला अख्खा कोड चाळावा लागतो. पाहायला रटाळ, म्हणून आम्ही थोडंच चित्रित केलं; वेळ मात्र सगळा तिथंच गेला.

(दृश्य: पुन्हा तीच चौकट)

डी. वरचा स्वल्पविराम. सोझा.

तीन पुस्तकं आहेत. एक बाहेर गेलंय.