पोटरीतली चमक

चोपडा तालुका. ऊन तापायच्या आत केळीची कापणी उरकायची, म्हणून टोळी अंधारातच बागेत उतरलीय. एकाने विळा चालवला, दुसऱ्याने घड खांद्यावर झेलला. वीस-पंचवीस किलोचा घड, पायाखाली ठिबकने भिजलेली माती आणि बांधावरच्या ट्रॉलीपर्यंत अशा कितीतरी खेपा.

टोळीतले एक दादा दोन महिने खेपेला नाहीत. आधी "कंबर दुखस" एवढंच म्हणायचे. मग चमक कुल्ल्यातून निघून मांडीमागून पोटरीत उतरली, थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत. नुसतं खोकलं तरी पाय झिणझिणायचा.

ही सायटिका. दोन मणक्यांमधली गादी बाहेर सरकते, शेजारून जाणाऱ्या नसेचं मूळ दबतं, सुजतं. खोड कमरेत असते, बोंब पायात उठते.

दादांना सल्ला मिळाला तो नेहमीचाच: पट्टा बांधा, बाजेवर पडून राहा. एखाद-दोन दिवस ठीक. महिनाभर पडून राहिलं तर उलट पाठ दुबळी होते. त्यात एमआरआयच्या कागदावर 'गादी सरकली' वाचून घरच्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण 2015 साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा काहीही दुखत नसलेल्या पन्नाशीतल्या माणसांतही सुमारे 60 टक्क्यांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या. आणि बाहेर आलेला गादीचा तुकडा पुष्कळदा शरीर स्वतःच जिरवून टाकतं. त्याला काही आठवडे, कधी काही महिने द्यावे लागतात.

फिजिओथेरपिस्ट ताईंनी झोळ पडलेली बाज बाजूला सारली, ओट्यावर सतरंजी अंथरली. दादा पालथे झोपले. आधी कोपरांवर छाती उचलली. मग तळहात टेकून, कंबर सैल सोडून, सावकाश दहा वेळा वर-खाली. दर खेपेनंतर ताईंचा एकच प्रश्न: "दादा, आता कुठं दुखतंय?"

"पोटरीमा नही. आते मांडीमा शे."

कंबर जरा जास्तच ठणकत होती, तरी ताई खूश. दुखणं पायातून वर सरकून कमरेकडे येणं ही चांगली खूण. न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी यांना ती 1956 साली वेलिंग्टनमध्ये गवसली; डोक्याकडून उचललेल्या खाटेवर एक रुग्ण चुकून पालथा पडून राहिला आणि त्याचा पाय मोकळा झाला. मात्र हाच व्यायाम करताना चमक खाली उतरू लागली, तर तिथेच थांबायचं. काहींना वाकण्याचा व्यायाम मानवतो. म्हणून मोबाइलवर बघून नव्हे, तपासून घेऊनच करावा.

आणि लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बैठकीची जागा बधिर झाली, पाऊल उचलेना, तर व्यायाम नाही. त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल.

आज दादा बागेत आलेत. बांधावर उभे राहून, कमरेवर हात ठेवून दहा वेळा मागे वाकतात. मग विळा हातात घेतात. घड अजून दुसऱ्याच्या खांद्यावर.